बाबूजींच्या झोपेचा आलेख

बाबूजी रात्री झोपतात की नाही, हा प्रश्न घोडेगावच्या कटारिया घरात कधी कुणाला पडला नव्हता. बाबूजी म्हणजे मांगीलालशेठ. उभं आयुष्य बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानात काढलेला माणूस. आपली झोप आपण घ्यायची, तिची चर्चा करायची नाही, इतकी साधी त्यांची रीत होती. पण माणूस न्हाणीत घसरतो, खुब्याचं हाड मोडतं, मंचरच्या नव्या चार मजली दवाखान्यात ऑपरेशन होऊन दोन खाटांच्या खोलीत पडून राहतो, आणि मग त्याचं सगळंच सार्वजनिक होतं. पाणी किती प्यायले, बाहेर किती टाकलं, पोट साफ झालं का, हे भेटायला आलेल्या पाहुण्यांसमोर मोठ्या आवाजात विचारलं जातं. एक झोप तेवढी खाजगी उरली होती. ती पारसने सार्वजनिक केली.

पारस हा त्यांचा एकुलता एक मुलगा, आणि हल्ली दुकान तोच बघतो. स्वभावाने गरीब, हिशोबाला चोख, फक्त यंत्र म्हटलं की त्याचे हात जोडले जातात. दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा एकदा बिघडला आणि रिकाम्या ताटलीचं वजन दाखवू लागला. दुसऱ्या कुणी काट्याला एक चापट मारली असती. पारसने ताटली उचलून खाली काही राहिलंय का ते पाहिलं. मग शेजारच्या दुकानदाराला बोलावून त्यालाही बघायला लावलं.

तर अशा या पारसला डॉक्टर रुपाली भेटल्या. तरुण, हसतमुख, आणि दवाखान्यात दाखल झालेला माणूस खरोखर किती झोपतो याचा अभ्यास करणाऱ्या. त्यांच्याकडे मनगटावर बांधायचे काळे पट्टे होते. त्यांना काच नाही, काटे नाहीत, आकडे नाहीत.

"हा पट्टा हालचाल मोजतो," डॉक्टर म्हणाल्या. "माणूस हलत असेल तर जागा असावा, बराच वेळ हलला नाही तर झोपला असावा, असा अंदाज बांधतो. आणि त्याचा आलेख काढतो. झोपेचा हिरवा, जागेपणाचा लाल."

पारसने यातलं सगळं ऐकलं. 'असावा' आणि 'अंदाज' हे दोन शब्द तेवढे त्याच्या कानाला लागले नाहीत.

"बाबूजी, तुमची झोप मोजणार आहेत," त्याने उत्साहाने सांगितलं.

"आणि कमी भरली तर?" बाबूजींनी विचारलं.

"तर डॉक्टर उपाय करतील ना!"

बाबूजींनी चष्मा मागितला, संमतीचा कागद पुढून मागून वाचला, एका कलमावर बोट ठेवून "हे पुन्हा सांगा" म्हणत रामदासला दोनदा सांगायला लावलं, आणि मग सही केली. रामदास हा अभ्यासाचा मदतनीस. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं, आणि हा अभ्यास म्हणजे आपल्या घरचं लग्नकार्य असल्यासारखी धावपळ. पट्टा बांधताना त्याने बाबूजींना सांगितलं की शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनेही सही केली आहे. शेजारी होते शिनोलीचे धर्माजी. ट्रॅक्टरवरून उतरताना पाय मोडून घेतलेले, प्लास्टरमधला पाय उशीवर आणि उरलेले सगळे धर्माजी गप्पांमध्ये. त्यांची बायको साळुबाई खाटेशेजारच्या स्टुलावर बसून असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधी पारस दवाखान्यात आला, तेव्हा रामदासने आलेखाचा फोटो त्याच्या मोबाईलवर धाडला. हिरवागार! सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पावसाळ्यातल्या रानासारखा. पारसचा जीव भांड्यात पडला. 

"बाबूजी, काय झोपलात हो!"

"मी डोळा मिटला नाही," बाबूजी म्हणाले.

"मिटला असेल. तुम्हाला कळलं नसेल."

"पारस, मी रात्रभर जागा होतो."

"असं वाटतं बाबूजी. झोप लागलेली झोपलेल्याला कुठे कळते? बघा, हे बघा." त्याने मोबाईल त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. एवढं करून तो थांबला असता तरी चाललं असतं. त्याने तो फोटो 'कटारिया परिवार' या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बाबूजींची निवांत झोप.' मग अंगठे आले, दिवे आले, फुलं आली. पुण्याहून नातवाने, अंकितने, दादाजींसाठी टाळ्या पाठवल्या. सुरतच्या एका भाच्याने पट्टा कुठे मिळतो ते विचारलं.

बाबूजींना वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्यांच्या तोंडच्या शब्दावर कल्याणचा व्यापारी ट्रक भरून माल पाठवायचा. फोनवर 'पाठव' म्हटलं की ट्रक निघायचा. त्या व्यापाऱ्याने कधी विचारलं नव्हतं की शेठ, यावर यंत्राचं काय म्हणणं आहे. आणि आता पोटचा पोरगा विचारत होता.

बिघाड इथून सुरू झाला. ऑपरेशननंतर बाबूजींना उठवायचं होतं. व्यायाम शिकवणारा मुलगा वॉकर घेऊन यायचा. बाबूजी उभे राहायचे, डोळ्यांसमोर अंधारी यायची, एखादं पाऊल टाकायचे आणि पुन्हा खाटेवर. हाडांचे मोठे डॉक्टर राउंडला आले की कागद बघायचे. झोप उत्तम. दुखण्याची गोळी दिवसा आणि रात्रीही चालू. जखम कोरडी.

"मग पाऊल का टाकत नाहीत?" त्यांनी पारसला बाहेर बोलावून विचारलं. "मनाची तयारी नाही. घाबरलेत. पण एक सांगतो, या वयात खुब्याचा पेशंट वेळेवर उठला नाही तर छातीत कफ भरतो, अंगातली ताकद जाते, आणि पुढे उठणं होतच नाही. चालले तरच घरी. तुम्ही जरा समजवा."

पारस खरोखर घाबरला. बाबूजी उठणार नाहीत, हा विचारच त्याला सहन होईना. म्हणून तो समजवायला लागला. म्हणजे बाबूजी "थकवा आहे" म्हणाले की तो आलेख दाखवायचा. "एवढी झोप झाल्यावर थकवा कसला?" एका सुनावणीत आरोपीला जितक्या वेळा पुरावा दाखवतात, त्याहून जास्त वेळा त्याने बापाला तो हिरवा रंग दाखवला.

इकडे शेजारच्या खाटेवर उलटंच चाललं होतं. धर्माजींचा आलेख लालभडक. दोन हिरव्या काड्या, बाकी सगळा शिमगा. आता धर्माजी घोरायचे ते जिन्याजवळच्या सिस्टरच्या टेबलापर्यंत ऐकू जायचं. एक सिस्टर तर म्हणाली होती की खोलीतलं मशीन बिघडलंय वाटून मी तीनदा येऊन गेले. पण आलेख लाल होता, आणि डॉक्टर रुपाली काळजीत पडल्या.

"म्या? म्या झोपत न्हाई?" धर्माजींनी विचारलं.

"मशीन तसं म्हणतंय," पारसने गंभीरपणे सांगितलं.

धर्माजींनी क्षणभर विचार केला. "तरीच राव! सकाळपास्नं अंगात कसकस वाटतीया. मला वाटलं, इथल्या च्यात दम न्हाई."

त्या दिवसापासून तो धडधाकट माणूस आजारी दिसायला लागला. जेवण कमी झालं, आवाज खाली आला. भेटायला येणाऱ्यांना तो क्षीण आवाजात सांगायचा, "झोपच न्हाई, पावणं. लई दिस झाले." आणि पाहुणे उपाय सांगायचे. कुणी दुधात जायफळ उगाळायला सांगितलं. कुणी खाटेची दिशा बदलायला सांगितली, त्यासाठी चौघांनी मिळून खाट ओढलीही, आणि भिंतीवरची ऑक्सिजनची नळी ताणली गेल्यावर सिस्टरने येऊन ती पुन्हा जागेवर ढकलायला लावली. कुणी म्हणालं, काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळा. काशाची वाटी म्हटल्यावर पारसमधला भांडेवाला जागा झाला. त्याने दुसऱ्याच दिवशी दुकानातून एक उत्तम वाटी आणून दिली. धर्माजींच्या चांगल्या पायाचा तळवा त्या वाटीने इतका चोळला गेला की वाटी आणि तळवा दोन्ही चमकायला लागले. आलेख लालच.

बाबूजी हे सगळं उताणे पडून बघत. त्यांना कूस बदलता येत नव्हती. ते फक्त एवढंच म्हणाले, "मी जागा असतो, मी ऐकतो. धर्माजी रात्रभर झोपतात." पण झोपलेल्या माणसाची साक्ष कोण धरणार?

यानंतर जे झालं त्याला जुन्नरचे सुभाषमामा कारणीभूत. मामा म्हणजे पारसच्या आईचे, चंदाबाईंचे, धाकटे भाऊ, बाबूजींचे मेहुणे. दवाखान्यात आले, केळी ठेवली, आणि पारसच्या मोबाईलमधला आलेख हातात घेऊन बारकाईने बघू लागले. बघता बघता त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"पारस, ही दुपारची हिरवी पट्टी कसली?"

"दुपारची झोप असेल."

"पण ही वेळ तर दाजींच्या सामायिकची."

सामायिक म्हणजे दोन घडी सगळे व्यवहार सोडून, शरीर स्थिर ठेवून, मन नवकार मंत्रात लावून बसायचं. बाबूजींनी ती रोजची सामायिक दवाखान्यातही चुकवली नव्हती. बसता येत नव्हतं म्हणून आडवं पडून करत होते. आणि सामायिकमध्ये झोपणं हा दोष. त्यात भर अशी की घोडेगावच्या जैन स्थानकात हा दोष पकडायचं काम वर्षानुवर्षं स्वतः मांगीलालशेठच करत आले होते. ते मागच्या ओळीत बसत. पुढे कुणाची मान कलली की त्यांचं खाकरणं ऐकू येई. त्या खाकरण्याने गावातल्या किती जणांचा धर्म वाचला असेल, त्याची गणती नाही.

"मी झोपलो नव्हतो," बाबूजी म्हणाले.

"नाही, नाही, दाजी, मी कुठे म्हणतोय?" मामा म्हणाले, आणि जुन्नरला पोचेपर्यंत त्यांनी ते सहा जणांना सांगितलं.

संध्याकाळी घोडेगावहून एका धर्मशील बाईंचा चंदाबाईंना फोन. "तब्येत कशी आहे शेठजींची? आणि हो, वयामुळे होतं हो असं, मनाला लावून घेऊ नका म्हणावं." चंदाबाईंनी फोन ठेवला आणि ऐकण्याचं यंत्र कानातून काढून टेबलावर ठेवून दिलं. आता कुणाचंच काही ऐकायचं नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

बाबूजींना भिंतीकडे तोंड करून पडावंसं वाटत होतं. खुबा तेवढंही करू देईना. ते छताकडे बघत म्हणाले, "रामदासला बोलवा. पट्टा काढा."

रामदास आला. "पट्टा केव्हाही काढता येईल शेठजी, तुमची मर्जी. पण झालेली नोंद पुसता येणार नाही."

"म्हणजे मी सामायिकमध्ये झोपलो, हे राहणार?"

"आकड्यांत. नावाने नाही, नंबराने."

"माझा नंबर जुन्नरपर्यंत पोचलाय," बाबूजी म्हणाले. "नोंद कोण पुसेल?"

"त्यासाठी समितीकडे अर्ज करावा लागेल. समिती पुण्यात बसते."

"कधी बसते?"

"अर्ज पुरेसे साठले की."

"माझ्याआधी किती साठलेत?"

"पुसायचा हा पहिलाच."

बाबूजींनी पट्टा काढला नाही. मैदान सोडून गेलेल्या माणसाची बाजू कोण ऐकतं? पण त्या दिवसापासून त्यांनी पारसशी बोलणं कमी केलं. विचारलं तर हुं, नाही तर तेही नाही. वॉकर कोपऱ्यात उभा होता. पारस रोज रात्री घरी जाऊन अंथरुणावर पडायचा, बायकोला, टीनाला, विचारायचा, "बाबूजी असं का करतायत गं?" आणि मोबाईल उघडून तो हिरवा आलेख पुन्हा बघत बसायचा.

मग एका सकाळी डॉक्टर रुपाली धर्माजींना झोपेची गोळी सुरू करायला आल्या. "पट्टा घट्ट झालाय का बघू," म्हणून त्यांनी धर्माजींचा हात हातात घेतला. मनगट मोकळं. दुसरा हात बघितला. तोही मोकळा.

"पट्टा कुठाय?"

"ह्यो काय," साळुबाई म्हणाली, आणि बांगड्या वर सारून तिने आपलं मनगट पुढे केलं.

रामदासच्या हातातून पेन पडलं.

"त्यास्नी खाजत व्हतं," साळुबाईने खुलासा केला. "तुमी म्हनला व्हता ना बाई, काढून ठिऊ नका, बंद पडंल. मंग मी घातला."

"कधीपासून?"

"पयल्याच दिसापास्नं."

"अहो पण आजी, हा त्यांची झोप मोजायला होता!"

"आमी दोगं येकाच खोलीत तर हाय," साळुबाई म्हणाली. तिला यात अडचण कुठे आहे ते खरोखरच कळत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांचं नि तिचं असं काही वेगळं मोजायची वेळ आली नव्हती.

रामदास हसू दाबत होता. पारसही. डॉक्टर रुपाली मात्र तो लाल आलेख हातात घेऊन बघत राहिल्या. "म्हणजे हे तुमचं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आजी, तुम्ही इतके दिवस झोपलाच नाहीत?"

"झोपंल कशी? ह्येंचा पाय उशीवरनं घसरतोय. पांघरून खाली पडतंय. आन् स्टुलावर काय पाठ टेकतीया व्हय?"

हसू बंद झालं. धर्माजी बायकोकडे बघत राहिले. मग एकदम ओरडले, "आगं मंग मला उठवायचं व्हतंस की!"

"उठवून काय केलं असतं? पाय धरला असता माझा?"

डॉक्टरांनी त्याच दिवशी साळुबाईसाठी एक खरी खाट आत आणवली. झोपेची गोळी रद्द झाली. आपण रोज झोपत होतो हे कळल्याबरोबर धर्माजींची कसकस तिथल्या तिथे गेली, आणि त्यांनी दुपारी दोन भाकऱ्या जास्त मागितल्या. त्यांचं नाव अभ्यासातून बाद झालं. रामदासने पट्टा साळुबाईच्या मनगटावरून सोडवला, रुमालात गुंडाळला आणि आपल्या टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. यंत्र बंद करायचं मात्र राहून गेलं. एवढा गोंधळ झाल्यावर कुणाचंही राहिलं असतं.

दुसऱ्या सकाळी पारस आलेख घ्यायला टेबलाजवळ गेला तेव्हा डॉक्टर रुपाली आणि रामदास संगणकासमोर उभे होते. पडद्यावर एक आलेख होता. गर्द हिरवा. त्यात लाल रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

"वा!" पारस म्हणाला. "बाबूजी आज तर फारच छान झोपले."

"हे बाबूजी नाहीत," रामदास म्हणाला. "हा माझ्या टेबलाचा खण आहे."

पारसला आधी हसू आलं. मग ते मधेच अडकलं. त्याने खणाचा आलेख बघितला, मोबाईलमधला बाबूजींचा बघितला. सख्खे भाऊ.

"डॉक्टर," तो म्हणाला, "म्हणजे बाबूजी आणि खण यांच्यातला फरक याला कळत नाही?"

"हलला नाही की झोपला, एवढंच त्याला कळतं," डॉक्टर म्हणाल्या. "जागा राहून न हलणारा माणूस असेल तर तो फसतो. हे आम्हाला माहीत आहे. म्हणूनच आम्ही रोज सकाळी पेशंटला तोंडी विचारतो, झोप लागली का. तुमच्या बाबूजींचं उत्तर तर रोज 'उत्तम' आहे."

"बाबूजींनी सांगितलं उत्तम?"

रामदासने खाली बघितलं. "तुम्हीच सांगता ना. मी दारात विचारतो, काय म्हणते झोप, आणि तुम्ही म्हणता, एकदम उत्तम."

पारसला ते आठवलं. रोज सकाळी, दारात, मोबाईल हातात धरून, आनंदाने. अख्ख्या दवाखान्यात बाबूजींच्या शब्दाला किंमत असलेली ती एकच जागा होती, आणि तिथे तो रोज स्वतः उभा राहिला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो खोलीत गेला. बाबूजी उताणे पडले होते, डोळे मिटलेले. पारस खाटेच्या कडेला बसला. आज मोबाईल खिशातच होता.

"बाबूजी, रात्री तुम्ही काय करता?"

बाबूजींनी डोळे उघडले. बराच वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले. गिऱ्हाईक खरंच घेणार आहे की नुसतं बघायला आलंय, हे जोखताना बघायचे तसे.

"काउसग्ग," ते म्हणाले.

म्हणजे काया सोडून देणं. हे शरीर आपलं नाही असं समजून ते अजिबात न हलवता पडून राहायचं आणि मनात नवकार म्हणायचे. मोठमोठे साधू ते करतात. घोडेगावचा भांड्यांचा व्यापारी मंचरच्या दवाखान्यात करत होता.

"रात्रभर?"

"जरा हललं की खुब्यातून कळ येते. मग ठरवलं, हलायचंच नाही. सकाळ होतेच कधीतरी."

"पण दुखण्याची गोळी देतात ना रात्री नऊला?"

बाबूजींनी मुलाकडे नवलाने पाहिलं. "नऊला सूर्य असतो?"

पारसच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. बाबूजींचा चौविहार! सूर्य मावळला की अन्न नाही, पाणी नाही, थेंब नाही. ज्या घरात जन्मापासून दिवेलागणीच्या आत जेवण उरकत आलं, त्या घरातल्या पोराला दवाखान्याच्या गोळ्यांची वेळ एकदाही खटकली नव्हती. बाबूजींचा नियम त्याच्या इतका अंगवळणी पडला होता की तो त्याला दिसायचाच बंद झाला होता.

"मग गोळ्या जातात कुठे?"

बाबूजींनी नजरेने टेबलावरची कवळीची डबी दाखवली. पारसने झाकण काढलं. कवळीखाली तळाला पांढऱ्या गोळ्या.

"अगंबाई!" शेजारी बसलेल्या, एव्हाना कानाचं यंत्र पुन्हा लावून घेतलेल्या चंदाबाई ओरडल्या. "ह्या दुखण्याच्या? मला वाटलं कवळी धुवायच्या! दोन तर मी पाण्यात विरघळवल्या सुद्धा. आणि मी म्हणत होते, नियमाला आगार ठेवलाय ह्यांनी. आजारपणात औषधाची सूट ठेवतात की सगळे!"

"स्थानकात सगळ्यांसमोर घेतलेला नियम आहे," बाबूजी म्हणाले. "हाड मोडलं म्हणून नियमही मोडायचा?"

"पण तुम्ही सांगितलं का नाही बाबूजी?" पारसने विचारलं.

"सांगत तर होतो. पहिल्या दिवसापासून सांगतोय, झोप लागत नाही. तू मोबाईल दाखवत होतास."

पारसने बाबूजींचा हात हातात घेतला. असं त्यांच्यात कधी झालं नव्हतं, त्यामुळे दोघांनाही थोडं अवघडल्यासारखं झालं. पण हात कुणी काढून घेतला नाही.

डॉक्टर रुपालींनी हाडांच्या डॉक्टरांशी बोलून गोळी बदलून घेतली. जास्त वेळ टिकणारी, दिवस मावळायच्या आत घ्यायची. संगणकात सकाळ, दुपार आणि रात्र एवढ्याच वेळा होत्या, 'सूर्यास्तापूर्वी' असा रकाना नव्हता. अर्धा तास खटपट करून शेवटी त्यांनी पेनाने मोठ्या अक्षरांत खाटेच्या डोक्याशी लिहून लावलं. सिस्टर लोकांना ते इतकं नवीन होतं की त्या संध्याकाळी तिघी जणी एकामागून एक येऊन "शेठजी, सूर्य चाललाय हं" सांगून गेल्या. गोळी मात्र वेळेत पोटात गेली.

पारसने आणखी एक काम केलं. खणाच्या आलेखाचा फोटो मागून घेऊन तो 'कटारिया परिवार' वर टाकला आणि खाली लिहिलं, 'हा रामदासजींच्या टेबलाचा खण. गाढ झोपला आहे. बाबूजी सामायिकमध्ये जागेच होते. चूक माझी.' पहिला नमस्कार जुन्नरहून आला. बातमी फिरवायचं काम मामांनी याही वेळी मन लावून केलं असणार, कारण संध्याकाळी त्या धर्मशील बाईंचा पुन्हा फोन आला आणि चंदाबाईंनी तो मुद्दाम स्पीकरवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामदास आलेख घेऊन धावतच खोलीत आला. मागून डॉक्टर रुपाली. आलेख लाल होता. हिरवं थोडंच, बाकी सगळी लाल उभी टोकं.

"डॉक्टर, गोळीचा उपयोग झालेला दिसत नाही," रामदास म्हणाला.

डॉक्टरांनी पारसकडे पाहिलं. पारसने तोंड उघडलं, मग मिटलं आणि तो बाबूजींकडे वळला. "बाबूजी, झोप लागली का?"

"लागली," बाबूजी म्हणाले. "मध्ये कूसही बदलली. कितीतरी वेळा."

"लागली म्हंजे काय!" शेजारून धर्माजी म्हणाले. "आवं, काल शेठ घोरत व्हतं! माझी झोप मोडली राव. साळू, खरं का न्हाई?" पण साळुबाई तिच्या खाटेवर अजून उठलीच नव्हती.

"मग आलेखात काय लिहायचं?" रामदासने विचारलं.

"आलेखात काय यायचं ते येऊ दे," पारस म्हणाला. "बाबूजी म्हणतात लागली. म्हणजे लागली."

बाबूजींनी कोपऱ्यातल्या वॉकरकडे हात केला.

पारसने तो पुढे आणला. बाबूजी उठले, थोडा वेळ खाटेच्या कडेला बसले, मग उभे राहिले. अंधारी आली नाही. एक पाऊल, मग दुसरं. दारातून बाहेर. चंदाबाई मागून नवकार पुटपुटत होत्या. बोळकांडीच्या टोकाला एक खिडकी आहे, तिथवर बाबूजी गेले आणि गजांवर हात ठेवून उभे राहिले. पारस शेजारी, हात धरायच्या तयारीत, पण न धरता. बाबूजींना धाप लागली होती आणि ते चक्क हसत होते.

मग त्यांनी मान वळवून मुलाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. कितीतरी दिवसांनी.

"पारस, तू झोपतोस का रे?"

"मी?" पारस हसायला गेला आणि त्याचे डोळे भरून आले. "नाही बाबूजी. तुम्ही पडल्यापासून नाही."

"वाटलंच मला," बाबूजी म्हणाले. "आज दुकान राहू दे. घरी जा आणि झोप. माझं मी बघतो."